हसलं तर चालेल का?

"'शिंक आली तर?' हे लिहिलंत का?" मी विचारलं.

"लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "पुढे?"

"लघवीला गेलं तर पडेल का?"

"तो तर तीन नंबरला घेतलाय, सिस्टर."

"मग जिना घ्या. मग स्कूटर. मग बादली उचलणं." मी जरा थांबले. "आणि हसलं तर चालेल का?"

मॅडमचं पेन थांबलं. "असं कोणी विचारतं?"

"विचारतात."

खोटं बोलले. मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांच्या या विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. बायका काय वाट्टेल ते विचारतात. कुशीवर झोपू का, अंघोळ करू का, नवऱ्याशी भांडू का. पण हसू का, असं मला आजवर एकीनंही विचारलेलं नाही. या दारातून आत येणाऱ्यांना तो प्रश्न पडण्यासारखी वेळच कमी येते.

मॅडम आमच्या नव्या डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाच्या. पेशंटसाठी त्या एक छोटी पुस्तिका तयार करत होत्या. टेस्ट ट्यूब उपचारांबद्दल अलीकडच्या अभ्यासांत काय दिसलंय, ते साध्या भाषेत. त्यांना संशोधन कळतं, मला घाबरलेली माणसं कळतात, म्हणून आमची जोडी. त्यांनी 'भ्रूण प्रत्यारोपण' लिहिलं की मी म्हणायची, मॅडम, हे ऐकूनच बाई निम्मी होईल. 'पिशवीत गर्भ सोडणं' म्हणा, आम्ही तसंच म्हणतो.

दोन दिवसांनी त्यांनी छापलेलं पान माझ्या हातात दिलं. "वाचा आणि कुठे अडतं ते सांगा."

अडलं सातव्या प्रश्नाशी. 'हसलं तर चालेल का? हो, पोटभर हसा. हसण्याने, खोकण्याने, उठण्या-बसण्याने गर्भ बाहेर पडत नाही. ओल्या फडक्याची घडी घालून तिच्यात रव्याचा एक कण ठेवला, तर तो जसा राहील तसा तो आत असतो.' फडक्याचं माझंच होतं, मीच सुचवलं होतं. पण पुढे मॅडमनी लिहिलं होतं, 'गर्भ सोडल्यावर झोपून राहिल्याने फायदा होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काही अभ्यासांत तर झोपून राहिलेल्या बायकांमध्ये यश थोडं कमीच दिसलं. गर्भ राहत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण त्या गर्भातच असतं. आईच्या वागण्यात नसतं.'

"हे नवीन आहे का, मॅडम?"

"छे. बरीच वर्षं झाली. म्हणून तर आपण झोपवायचं बंद केलं ना?"

बंद केलं होतं खरं. मी आले तेव्हा चौदा दिवस होते, मग तीन झाले, मग एक, मग अर्धा तास, आणि आता बाई टेबलावरून उतरते ती सरळ चपला घालून घरी जाते. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी स्वतःला सांगत राहिले की खाटा कमी पडतात म्हणून करतात, गर्भ सोडायच्या नळ्या सुधारल्या म्हणून करतात. मला कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

चोवीस वर्षांपूर्वी याच विभागात माझ्या वहिनीचा गर्भ सोडला होता.

मला इथे येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. मोठे डॉक्टर वहिनीला एवढंच म्हणाले होते, "चौदा दिवस घरी विश्रांती घ्या, दगदग करू नका." बाकीचं शास्त्र मी घरी येऊन रचलं. खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. चौदा दिवस उठायचं नाही. कूस बदलायची ती हळू, आणि आधी मला विचारून. खोकला आला तर दाबायचा. जोरात हसायचं नाही.

"आणि श्वास?" वहिनीनं विचारलं होतं. "तो घेतला तर चालेल ना, सिस्टर?"

तीच मला घरात सिस्टर म्हणायची, चिडवायला. तिचं पाहून दादाही म्हणायला लागला आणि नावच पडलं.

वहिनी कपडे दुरुस्त करून द्यायची, अजूनही देते. चेन बदलणं, घेर कमी करणं, रफू करणं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला दिवसा आडवी झालेली कोणी पाहिली नव्हती. ती आता पायांखाली विटा घेऊन पडली, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात जणू राणी मुक्कामाला आली. दादा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. त्यानं दुकानाला सरळ कुलूप लावलं. घरात तो चवड्यांवर चालायचा, जमीन हादरून खाट हलू नये म्हणून. वरच्या मजल्यावर कोणी खिळा ठोकत होतं, तर वर जाऊन हात जोडून आला. स्वयंपाक तो करायचा. भात कधी दाणा न् दाणा मोकळा, कधी चिकट लगदा, आणि दोन्ही वेळा चेहरा असा की हे मुद्दाम केलंय. मी ड्युटीवरून आले की वहिनीचे केस विंचरायची. मग आम्ही तिघं त्या एका खाटेभोवती जेवायचो, वहिनी आडवी आणि तिच्या तोंडाशी दादाचा चमचा. इतकं सुख त्या घरात त्याआधी नव्हतं आणि नंतरही नाही. आज मागे वळून पाहिलं की त्या खोलीतलाच उजेड दिसतो, बाकी सगळं आयुष्य त्याच्या आजूबाजूला कुठेतरी आहे.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी दादाची नक्कल केली.

वहिनीचं बेडपॅन न्यायचं काम दादानं कोणाला दिलं नव्हतं. दोन्ही हातांत धरून, वर रुमाल झाकून, श्वास रोखून तो बोळातून आडवा आडवा चालत जायचा, मुकुट घेऊन निघाल्यासारखा. मी स्वयंपाकघरातून एक पातेलं आणलं, वर फडकं टाकलं आणि तशीच चवड्यांवर, मान ताठ करून, दारातून बाहेर निघाले. समोरून दादा खरं बेडपॅन धुऊन घेऊन येत होता. आम्ही दोघं दारात समोरासमोर, दोघांच्या हातांत मुकुट. तो गंभीरपणे म्हणाला, "आधी तू."

वहिनी हसली. तिचं हसणं कधी ओठांतलं नव्हतं, ते पोटातून यायचं आणि थांबायला विसरायचं. खाट हलली, विटा करकरल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती हातानं मला खुणावत होती की पुरे, पुरे. मीही हसत होते. दादा हातातलं घेऊन तसाच उभा होता आणि तोही हसत होता.

अकराव्या दिवशी पहाटे रक्तस्राव सुरू झाला.

दादानं विचारलं, "असं कसं झालं?" वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं." त्याच्या पाठीआडून तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं की नाही गं, हसण्यानं असं होत नसतं. पण होतं असंच मला वाटत होतं. आणि नियमही माझा, हसवलंही मीच. मी मूग गिळून उभी राहिले आणि मग वाकून विटा काढल्या. पुन्हा उपचार करायला डॉक्टर नको म्हणाले, औषधं तिच्या अंगाला सोसली नव्हती. त्या दिवसापासून वहिनी पोटातून हसलेली मी ऐकलेली नाही. हसते, नाही असं नाही. ओठ मिटून, पाहुण्यांसमोर हसावं तसं.

पान पर्समध्ये घालून मी ड्युटीवरून सरळ तिच्याकडे गेले. दादाला जाऊन चार वर्षं झाली. ती त्याच दोन खोल्यांत राहते. कोणाच्यातरी कोटाचं अस्तर उसवत बसली होती, ओठांत चार टाचण्या होत्या.

"आज अवेळी कशी उगवलीस, सिस्टर?" ती टाचण्यांमधून म्हणाली.

"हे वाच."

तिनं टाचण्या काढून हातात धरल्या, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं. सातव्या प्रश्नावर बोट बराच वेळ राहिलं.

"हा प्रश्न तूच घातलास ना यात?"

"हो."

"वाटलंच. शहाणी माणसं असलं विचारत नाहीत."

"वहिनी, तो नियम डॉक्टरांचा नव्हता. मी बनवला होता. त्यांनी हसण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. सगळी माझी अक्कल होती. आणि वर मीच तुला—"

"हसवलंस. माहीत आहे मला. मी होते की तिथे."

"मग दादाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमच्या त्या चालण्याला हसले म्हणून गेलं? पुढं जन्मभर ते साधं चाललेसुद्धा नसते."

मला रडू येत होतं, आणि तिच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. मी विचारलं, "माझा राग नाही आला?"

"आला की. पहिली दोन वर्षं तू आलीस की तुझ्या चहात साखर कमी घालायचे."

"मला वाटायचं तू काटकसर करतेस."

"तुला कुठलं कळायला." ती पुन्हा पानाकडे वळली. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली, ओठ हलवत. मग म्हणाली, "कारण गर्भातच असतं, म्हणजे काय गं? ते मुळात राहणारच नव्हतं?"

"बहुतेक."

"मी हसले नसते तरी?"

"तरीही. तुझी काहीच चूक नव्हती, वहिनी. हेच सांगायला आले."

मला वाटलं होतं ती सुस्कारा सोडेल, चोवीस वर्षांचं ओझं खाली ठेवेल, निदान मला चार शब्द सुनावेल. तिनं पानाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"मी आपली धरून चालले होते की नऊ दिवस होतं," ती म्हणाली. "मी हसले आणि गेलं. वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण नऊ दिवस माझ्यापाशी होतं ना. आजूबाजूच्या बायका आपापल्या पोरांचं सांगायच्या, तेव्हा मी मनात म्हणायचे, आपलंही होतं, आपल्याला जपता आलं नाही एवढंच. आता हे म्हणतंय की तेही काही खरं नाही. होतं की नव्हतं, कोणी सांगावं."

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. मी मात्र हादरले. तिच्या डोक्यावरचा दोष उतरवायला मी आले होते आणि त्याच्याबरोबर तिच्याकडचं एकुलतं एक जे काही होतं, तेही काढून घेत होते. मॅडमचं पान चुकीचं नव्हतं. पण ते पेशंटसाठी होतं, आणि समोर बसली होती ती आई होती.

"होतं," मी म्हणाले.

"उगाच माझं मन राखू नकोस."

"मन राखत नाही. मी पाहिलंय त्याला."

तिनं मान वर केली.

"सोडायच्या आधी. लॅबमधल्या माणसानं मला आत बोलावलं होतं. म्हणाला, या आत्याबाई, दोन मिनिटं बघून घ्या. नियमात बसत नव्हतं, म्हणून तेव्हा बोलले नाही. आणि नंतर कुठल्या तोंडानं बोलणार होते? पण मायक्रोस्कोपला डोळा लावून मी पाहिलं. नऊ दिवस राहिलं की दोन, ते मला नाही सांगता येणार. पण त्या सकाळी ते जिवंत होतं. आणि ते तुमचं होतं."

हातातल्या टाचण्या वहिनीनं एकेक करून त्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. कोट बाजूला ठेवला.

"कसं होतं?" तिनं विचारलं.

"गोल. अगदी स्वच्छ, पाण्यासारखं. आत आठ पेशी होत्या, एकमेकींना टेकून बसलेल्या."

"आठही सारख्या?"

मी डोळे मिटले. चोवीस वर्षांत मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते अजिबात झिजलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "सात सारख्या. आठवी जरा मोठी होती, एका बाजूला सरकलेली."

"हे असेच बसायचे," वहिनी म्हणाली. "एवढं बाकडं रिकामं असलं तरी कडेला सरकून."

तिनं मशीनखालचं स्टूल पायानं बाहेर ओढलं. "बस. उभ्यानं नको सांगूस. तू आत गेलीस तिथपासून सांग."

मी बसले. त्या दिवशी सकाळचे सव्वानऊ वाजले होते, तिथून सुरुवात केली. दाराबाहेर चपला कशा काढल्या, डोक्याला टोपी कशी बांधली, त्या माणसानं काचेची बशी किती जपून आणली, ते सगळं. ती पुढे झुकून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी बशीपर्यंत आले तेव्हा तिनं मला हातानं थांबवलं.

"तिथे थंडी नव्हती ना गं?"

"नाही," मी म्हणाले. "ज्या पेटीत ठेवतात ना, तिची ऊब बरोबर माणसाच्या अंगाइतकी असते. तुझ्या अंगाइतकी."

"मग बरं," वहिनी म्हणाली.