डॉक्टर एक, रांगा दोन

पश्चिम आयर्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयाच्या उपाहारगृहात असम्प्टा मँगन सत्तावीस वर्षे सूप वाढत होती. तिथल्या डॉ. कील्टींना मीठ कमी लागतं, हे त्यांच्या बायकोआधी तिला कळलं होतं.

एका मंगळवारी धाकटी बहीण डर्व्हला बाजारातून परस्पर तिच्या घरी आली. आतड्याचा रोग घराण्यातच होता. दोघींनाही शौचातून रक्त जाऊ लागलं, तेव्हा गावच्या डॉक्टरांनी एकाच आठवड्यात दोघींना कील्टींकडे दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं होतं.

"माझी झालीसुद्धा, ताई. गाठ होती, काढली. नऊ दिवसांत. तुझं काय?"

"पत्र आलंय. सरकारी यादीत थांबा म्हणतात."

"ह्यांच्या कंपनीचा विमा आहे म्हणून कील्टींनीच खासगी रांगेतून लगेच केली. तूही घ्यायचास की."

"अगं, मी तिथंच राबते. मला विसरतील होय?"

भाऊ डोनल नेदरलँड्सहून फोन करायचा आणि चिडायचा. "इकडेही विमा खासगी कंपन्यांचाच. पण तो सगळ्यांना घ्यावाच लागतो, आणि कंपनीला कुणाला नाकारता येत नाही. नंबर दुखण्यावरून लागतो. तुमच्याकडे विमा म्हणजे रांग मोडायचा परवाना."

असम्प्टा थांबली. एकदा वाढता वाढता तिने कील्टींना विचारलंही.

"यादी माझ्या हातात नसते, असम्प्टा," असं म्हणून त्यांनी ताट उचललं.

थांबून अकरावा महिना लागला, तेव्हा तपासणी झाली. रोग यकृतापर्यंत गेला होता.

"थोडं आधी आला असतात तर..." कील्टी हळूच म्हणाले.

"रोज येत होते, डॉक्टर. तुमच्यासमोरच उभी असायचे."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. नाताळापूर्वी ती गेली.

वर्षभराने डर्व्हलाच्या फेरतपासणीची तारीख आली. ती कील्टींसमोर बसली आणि म्हणाली, "माझं नाव सरकारी यादीत घाला."

"वेडेपणा करू नका. तुमच्या घराण्यात हा रोग आहे. वर्षभर थांबणं जिवावर बेतेल."

"हे सहीनिशी लिहून द्या."

"कशासाठी?"

"वर्तमानपत्राला द्यायचंय. आणि ताईच्या कागदावर हेच का लिहिलं नाहीत, तेही खाली लिहा."

कील्टींनी पेन टेबलावर ठेवलं. बाहेर परिचारिकेने पुढचं नाव पुकारलं. डर्व्हला जागची हलली नाही.