बॉनेटला लोखंड वर्ज्य

फाटकापर्यंत माणसं दाटली होती. आश्रमाच्या बाबांनी उघड्या बॉनेटमध्ये रेशमी रुमाल पसरला, त्याखाली हात सरकवला आणि डोळे मिटून पुटपुटले, "उठा मालक, उठा!" आत बसलेल्या शिष्याने किल्ली फिरवली. आठवडाभर नुसती टकटक करणारी गाडी एका दमात सुरू झाली. आत्याने गाडीलाच हात जोडले.

"यात तुमच्या यजमानांचा जीव अडकलाय," बाबा आईला म्हणाले. "लेकीने गाडी चालवलेली त्यांना खपत नाही. उद्या गाडी आश्रमात द्या, ते सुटतील. तोवर बॉनेटला लोखंड लागता कामा नये, नाहीतर कोप होईल!"

आईचे डोळे भरून आले.

"अप्पांनीच मला गाडी शिकवली," थोरली लेक म्हणाली. "गेल्यावर त्यांचं मत कसं बदललं?"

"जीभ आवर!" आत्या खेकसली.

थोरली नर्स होती. लांबलांबच्या वस्त्यांवर बाळंतिणींना तपासायला ती याच गाडीने जायची. गाडी गेली की ते कामच संपणार होतं. पण तिचं लक्ष बाबांच्या खांद्याकडे होतं. लोकांसाठी त्यांनी गाडी आणखी दोनदा सुरू करून दाखवली; प्रत्येक वेळी हात बॅटरीच्या त्याच कोपऱ्यात जाई आणि खांदा खाली दबे. अप्पांचा जीव एवढ्याशा कोपऱ्यात राहतो? आणि आयुष्यभर पाने-पकडी वापरलेल्या माणसाला आताच लोखंडाचं वावडं?

संध्याकाळी तिने दुकानातून त्या कोपऱ्यातल्या काळ्या केबलएवढ्याच लांबीची आणि जाडीची नवी केबल आणली. सकाळी अप्पांचाच पाना घेऊन बॉनेट उघडलं.

"अगं, कोप होईल!"

"होऊ दे माझ्यावर. आत्या, तू मागे सरक."

गाडी बंद असल्याची खात्री करून तिने काळ्या केबलचं टोक बॅटरीवरून सोडवलं, मग दुसरं गाडीच्या अंगावरून. केबलचं आवरण चिरलं. आत तांब्याचा हिरवा भुगा झाला होता. चारदोन तारा कशाबशा तग धरून होत्या.

"इथे दाबलं की तारा टेकतात. सोडलं की सुटतात. रुमालाखाली एवढंच चालायचं."

आत्याने स्वतः दाबून पाहिलं. बोटं हिरवी झाली. "आणि मी याच्यापुढे हात जोडले?" ती पुटपुटली.

थोरलीने गाडीच्या अंगावरचा गंज घासून धातू लख्ख केला, नवी केबल तिथे आवळली आणि शेवटी बॅटरीला लावली. "आई, किल्ली तू फिरव."

आईने भीतभीत फिरवली. गाडी सुरू झाली.

तेवढ्यात बाबा आले, मागे सगळा जमाव. "अनर्थ केलास पोरी! लोखंड लावलंस!"

"लावलं. आता रुमाल घ्या, मंत्र म्हणा आणि हात न लावता ही बंद पाडून दाखवा."

"तसं नसतं ते. आत्मा रुसून गेलाय!"

"केबलबरोबर गेला असेल," थोरलीने जुनी केबल त्यांच्या हातात ठेवली. "आश्रमात न्यायचा होता ना? न्या."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग थांबता थांबेना. बाबा फाटकाकडे वळले.

"लोकहो," आवाज चढवून थोरली म्हणाली, "चमत्कार दिसला की आधी झाकण उघडा. जो उघडू नको म्हणतो, त्याच्यासमोर तर उघडाच. कुणी कोपत नाही. आता वाट सोडा, एक बाळंतीण खोळंबलीय."

गर्दी बाजूला झाली. आईने चालकाची जागा थोरलीला सोडली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.