आडोसा

मुकेशने बाभळीच्या काट्यात अडकलेला कापसाचा पुंजका काढला, हात उंच केला आणि सोडून दिला. पुंजका क्षणभर विचारात पडल्यासारखा तरंगला आणि मग सरळ आष्टीच्या दिशेने निघून गेला.

"गेलं!" मुकेश म्हणाला.

"काय गेलं?" त्याच्या बायकोने, समीक्षाने, बुटाची नाडी आवळत विचारलं.

"वारा फिरला ना वं. रोज आष्टीकडून येत होता. आज तिकडंच चालला."

समीक्षाने आभाळाकडे पाहिलं. ढगाळलेलं होतं. रोजची बोचरी थंडीही नव्हती.

तळेगावातून आष्टीच्या रस्त्याला लागायचं, अर्ध्या वाटेवरच्या ड्रमला वळसा घालून परत यायचं, अशी ही शर्यत. आपल्याकडे बसस्टँडच्या पुढे धावत गेलं की त्याला मॅरेथॉन म्हणतात, म्हणून शर्यतीच्या कमानीवरही तसंच छापलं होतं. बायका-पुरुष एकत्रच सुटत. मागल्या हिवाळ्यात समीक्षा बायकांत दुसरी आली होती. पहिली आलेली नाचणगावची पौर्णिमा जाताना सगळी वाट तिच्या पाठीमागे वाऱ्यापासून लपून धावली, आणि परतीला कमान दिसताच ताज्या पायांनी बाजूने निसटली. समीक्षाने वर्षभर तिचं नावही काढलं नाही. फक्त भाकरी जरा जोरात थापल्या.

मुकेश जिनिंगवर कापसाच्या गाड्यांचं वजन करायचा. स्वतः मात्र काट्यावर चुकूनही उभा राहत नसे. पण यंदा आपल्या रुंदीचा उपयोग त्याला सापडला होता. जाताना वारा समोरून. तेव्हा आपण पुढे, समीक्षा आडोशाला. ड्रमपाशी आपण आडवे झालो तरी हरकत नाही, परतीला वारा तिच्या पाठीशी. एवढ्यासाठी तो उन्हाळ्यापासून पहाटे धावत होता. सुरुवातीला गावाने आपुलकीने विचारलंही, कोणाचं कुत्रं मागं लागलं म्हणून.

"आता वारा परतीले तोंडावर येईन," तो म्हणाला. "तुह्यासंग परतीपर्यंत मी टिकतो का?"

"नाई." समीक्षाला विचार करावा लागला नाही.

"मंग?"

"मंग तुमी तुमचं धावा."

झेंडा हलला. गर्दी सुटली. वाऱ्याने सगळ्यांना सारखंच ढकललं, पण मुकेशमध्ये ढकलायला जागा जास्त होती. आयुष्यात पहिल्यांदा तो हलका झाला. समीक्षाची लाल ओढणी काही वेळ पुढे दिसली, मग दिसेनाशी झाली.

ड्रमच्या बऱ्याच अलीकडे, पुलावर, समितीचे बंडूजी लाल झेंडी काखेत मारून चहा पीत उभे होते. समोरून परतणारे पुरुष यायला लागले होते. आता बायका येणार.

"काय बे, वळ ना इथूनच!" बंडूजी ओरडले. "बायको येऊन राह्यली. हो तिच्या पुढं! कोण पाहून राह्यलं?"

मुकेशचा पाय थांबला. ड्रमला न जाता मागे फिरणं म्हणजे लबाडी. कोणी बोट दाखवलं तर समीक्षाचंही नाव कटायचं. पण वारा सुटला होता. पाय वळलाच.

तेवढ्यात समोर पौर्णिमा दिसली. एकटी. तोंड वाऱ्याने आक्रसलेलं, डोळे बारीक. मुकेशने मान उंचावून तिच्या मागचा रस्ता पाहिला. मग त्याचं लक्ष खाली गेलं. एकट्या पौर्णिमेला पाय चार होते.

तिच्या पाठीला चिकटल्यासारखी समीक्षा धावत होती. पौर्णिमा डावीकडे झाली, समीक्षा डावीकडे. पौर्णिमा हळू झाली, समीक्षाही हळू. पुढे जायची घाई दोघींनाही नव्हती.

"सरका बाजूले!" ती नवऱ्यावर खेकसली.

मुकेश इतक्या आज्ञाधारकपणे सरकला की रस्त्याखालीच उतरला. तिथून तो जे ओरडला, ते बंडूजींनी पुढे कोणालाही सांगितलं नाही.

छातीवर नंबर होता, म्हणून तो ड्रमपर्यंत गेला. वळला, आणि वारा अंगावर आला. रस्त्यावर आता तो एकटाच होता. पुलापर्यंत यायला त्याला युग लागलं. बंडूजी झेंडी गुंडाळत होते. समोरून कोणीतरी धावत येत होतं. गळ्यात पदक उड्या मारत होतं.

"कितवी?" मुकेशने दम खात विचारलं.

"पौर्णिमा बोलून नाई राह्यली माह्यासंग."

तो हसायला थांबणार, तोच तिने डोळे वटारले आणि पाठ करून त्याच्या पुढे उभी राहिली.

"मागं या माझ्या."

"वहिनी, हे नियमात नाई बसत," बंडूजी म्हणाले.

"मंग तिकडं पाहा," समीक्षा म्हणाली. बंडूजी बाभळीकडे पाहू लागले.

तिच्या आडोशाला त्याचा एक खांदाही मावत नव्हता. मुकेशने मान खाली घातली, कोपरं पोटाशी आवळली, आणि जमेल तितका बारीक होऊन तिच्या मागे धावू लागला.