ताईच्या सहीची पोचपावती

बिशपसाहेबांचा राजीनामा मंजूर झाला त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांत जास्त मीच रडले. एकतीस वर्षं त्यांचं टपाल आणि टायपिंग सांभाळणारी बाई मी. आलेली पत्रं घ्यायची, शिक्का मारायचा, ‘खासगी’ लिहिलेली न उघडता आत नेऊन द्यायची. लोक खोदून खोदून विचारायचे, अमक्या फादरची बदली एवढ्या तडकाफडकी का झाली? मी म्हणायचे, "मला काय माहीत? मी फक्त टाइप करते." आणि खरंच माहीत नसायचं. त्याचा तोरा मात्र केवढा होता मला!

साहेब ऐंशीला टेकलेले. पेपरात जुन्या तक्रारी छापून यायला लागल्या, चौकशी समिती बसली आणि त्यांनी तब्येतीचं कारण देऊन पद सोडलं. म्हाताऱ्या माणसाच्या मागे हात धुऊन लागलेत मेले, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं होतं.

निरोप समारंभाच्या दिवशी दुपारी त्यांनी मला स्वतःच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची किल्ली दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"बाई, तीन वाजता समितीच्या वकीलबाई येतील. वरचे दोन कप्पे त्यांच्या हवाली करा. खालच्या कप्प्यात माझे खासगी कागद आहेत, तेवढे यंत्रात घाला."

"घालते साहेब. तुम्ही तुमच्या भाषणाचं बघा."

आमचं कागद कापायचं यंत्र भलतंच नखरेल. टाचणी दिसली की त्याची दातखीळ बसते. म्हणून मी एकेक कागद सोडवून आत सरकवत होते, सवयीप्रमाणे न वाचता. चार फायलींचा भुगा झाला. पाचवीत वहीचं फाडलेलं पान हाताला लागलं. निळी शाई, आणि प्रत्येक ‘र’ला उगाच काढलेली लांब शेपटी. त्या शेपटीवरून मी किती ओरडले होते! माझ्या धाकट्या बहिणीचं अक्षर.

आईवडील गेल्यावर मी तिला चर्चच्या वसतिगृहात ठेवलं होतं. बारा वर्षांची होती.

‘गाण्याच्या सरावानंतर फादर मला एकटीलाच थांबवून घेतात आणि नको ते करतात. मला इथून न्या. माझी ताई तुमच्याच ऑफिसात आहे, तिलाही हे पत्र दाखवा.’

खाली लाल पेन्सिलीनं साहेबांचं वळणदार अक्षर. ‘फादरना दुसरीकडे हलवा. बहीण आपल्याकडेच आहे, तिला कायम करा.’

त्याच आठवड्यात मी कायम झाले होते. मिठाईचा पुडा घेऊन नाचत वसतिगृहात गेले होते. धाकटीनं पुड्याला हातही लावला नाही. हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग, असं मी गावभर सांगत फिरले. पुढे आमचं बोलणं लग्न-मयतीपुरतं उरलं.

मी तिला फोन लावला.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही गं. तुझं पत्र सापडलं. साहेबांच्या कपाटात, आत्ता."



"आत्ता?"

"शपथ घेते, आत्ताच वाचलं."

"ताई, रजिस्टर केलं होतं मी ते. तूच शिकवलं होतंस ना, महत्त्वाचं पत्र पोचपावतीसकट पाठवावं, नाहीतर लोक हात वर करतात म्हणून? पावती परत आली. तुझी सही होती तिच्यावर."

पोस्टमन रोज पावत्यांची चळत पुढे ठेवायचा आणि मी त्याच्याशी गप्पा मारत भराभर सह्या ठोकायचे.

"रोज वाट बघत होते मी," ती म्हणाली. "म्हटलं, सही केलीय, आता ताई येईल. आणि तू मिठाई घेऊन आलीस."

"मी वाचलं नव्हतं गं."

ती रडत होती की काय, कळेना. पण तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

दारात साहेब उभे होते, समारंभाच्या झग्यात. "बाई, उरकलं का?" म्हणताना त्यांची नजर माझ्या हातातल्या पानावर गेली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"तेव्हा तुमच्या भल्याचंच केलं मी," ते म्हणाले, अगदी मायेनं. आणि हॉलकडे निघून गेले. हा माणूस देवमाणूस म्हणून मी एकतीस वर्षं त्याच्यापुढे मान झुकवली! नजर सारखी यंत्राच्या टोपलीकडे जात होती. त्या भुग्यात कुणाकुणाच्या धाकट्या होत्या, देवच जाणे. त्यांना मीच आत सरकवलं होतं.

तीन वाजता वकीलबाई आल्या. मी तिन्ही कप्पे त्यांच्यापुढे रिकामे केले, टोपलीसुद्धा ठेवली आणि ती कोणी भरली तेही सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं आणि एक कागद पुढे केला.

"कागद सोपवल्याची सही करा इथे."

पेन हातात घेतलं आणि हात थांबला.

"आधी सगळं वाचते," मी म्हणाले. "मग सही."

हॉलमधून बोलावणं आलं, मानपत्र मीच वाचायचं होतं. मी उठले नाही. टेबलावर फोन तसाच चालू होता.

"ताई," त्यातून आवाज आला, "मोठ्यानं वाच."

मी धाकटीचं पत्र पहिलं घेतलं.