मूठभर कणकीची पोरगी

जर्मनीला जायचं तर कागद किती लागतात म्हणता? पासपोर्ट, तिथल्या दवाखान्याचं नोकरीचं पत्र, नर्सिंगचं सर्टिफिकेट, छातीचा एक्स-रे. एवढं सगळं साधनानं नागपुरात राहून एकटीनं जमवलं. आणि घोडं अडलं कुठं, तर जन्माच्या दाखल्यावर! पासपोर्टात बापाचं नाव महागू, दाखल्यात फकिरा. वकिलातीनं व्हिसाचा अर्ज परत धाडला. महिनाअखेर दाखला जुळला नाही, तर नोकरीची जागा दुसरीला जाणार होती.

चूक कुणाची? खुद्द तिच्या बापाची. महागू लामता गावचा कोतवाल. गावातले जन्म-मृत्यू ठाण्यात जाऊन लिहवणं हेच त्याचं काम. त्याच्या बायकोची, शांताबाईची, तीन लेकरं पाठोपाठ गेली, तेव्हा चौथीला त्यांनी जुन्या रीतीनं सुपात घातलं आणि शेजारच्या गोदाबाईला मूठभर कणकीवर, म्हणजे तांदळाच्या चुरीवर, विकून टाकलं. लेकरू आपलं राहिलंच नाही, तर यम नेईल कुणाचं? पण महागूला तेवढ्यानं धीर येईना. यमानं सरकारी बुक उघडून पाहिलं तर! म्हणून गड्यानं ठाण्यात बाप म्हणून गोदाबाईच्या नवऱ्याचं, फकिराचं, नाव लिहवलं. पुढं शाळेत नाव घालताना मास्तरनं अचानक विचारलं आणि महागूच्या तोंडून खरं निघून गेलं; तेच नाव पुढं पासपोर्टात आलं. शांताबाई महिनाभर नवऱ्याशी बोलली नव्हती.

साधना शांताबाईच्याच घरी वाढली, तिचंच दूध प्याली, पण तिला म्हणायची काकू. आई म्हणायची ती गोदाबाईला. मोठी झाल्यावर पोर परत विकत घ्यायची असते, पण शांताबाईची हिंमतच झाली नाही. छप्पनला दीक्षा घेतली, घरातले देव वैनगंगेत सोडले, अंगात येणाऱ्याला दारातून हाकललं. ही एक भीती मात्र तिनं कुणाला सोडवू दिली नाही. चोवीस वर्षांत पोरीला एकदाही 'माझी' म्हटलं नाही. महागू मेला तेव्हा गळ्यात पडून रडतानासुद्धा नाही.

अडुसष्टच्या एप्रिलात साधना, शांताबाई आणि गोदाबाई अशा तिघी जणी बालाघाटच्या तहसील कचेरीत मोतीलाल बाबूच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. बाबूनं दाखला पाहिला, पासपोर्ट पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"माई, सीधा रास्ता है. लिख देते हैं, लड़की गोदाबाई की है, तुमने गोद ली. दोनों कागज़ सही. आज ही ठप्पा लगवा दूँगा."

"आणि खरं लिहायचं तर?" साधनानं विचारलं.

"तो साहब के सामने बयान. माँ को बोलना पड़ेगा कि लड़की मेरी है."

साधनानं शांताबाईकडं पाहिलं. पोर गुणाची, तिला सगळं ठाऊक. "काकू, बाबू म्हंते तसंच करू. तुले भेव वाटते ना."

भेव! शांताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर भ्याले, आता जाता जाता पोर कागदावरही देऊन टाकायची?

"गोद काहून लिहू?" ती टेबलावर हात आपटून म्हणाली. "नऊ महिने या पोटात होती, ते काय भाड्यानं? बलाव तुह्या सायबाले!"

कचेरीतली माणसं माना वळवून पाहू लागली. शांताबाईनं कंबरेची गाठ सोडली. सकाळी कुणाला न सांगता तिनं त्यात मूठभर कणकी बांधली होती. तिनं मूठ पुढं केली, तेव्हा अर्धे दाणे बाबूच्या फायलींवर सांडले.

"घे वं गोदे, तुही कणकी. माही पोरगी दे."

"अरे, दफ़्तर में यह क्या तमाशा!" बाबू ओरडला. गोदाबाईनं तिकडं लक्षच दिलं नाही. तिनं पदर पसरून दाणे घेतले. "चोवीस वर्सं वाट पाह्यली वं तुही," एवढं बोलली आणि डोळे पुसत बाजूला झाली.

तिघी साहेबांपुढं गेल्या. पोरगी कुणाची, साहेबांनी विचारलं. तीन लेकरांना 'माझी' म्हटलं होतं, तिन्ही गेली. तिनं एकदा साधनाकडं पाहिलं.

"लिवा सायब. माही हाये. माही म्हटलं का जाते, तर जाऊ द्या. हे पोरगी आपल्या पायानं जाईन, पासपोर्ट घेऊन, नोकरीवर जाईन. यमाले सांगा, हिचा व्हिसा त्याच्या घरचा नाही!"

साहेब हसले आणि त्यांनी लिहून घेतलं. बाबूनं शाईचा पॅड पुढं सरकवला.

"काकू," साधना सवयीनं म्हणाली, "अंगठा इथं लाव."

शांताबाईनं अंगठा वरच्यावर रोखला.

"काकू कोनाले म्हंतं वं? माय म्हन. अन् जोरानं म्हन, त्या यमाले आयकू जाऊ दे!"