अख्खा रोडगा

आमच्या घरात ऑपरेशन एकाचं झालं आणि पथ्य चौघांना लागलं. ज्यांचं झालं ते माझे यजमान, सुशील. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर आहेत. गेल्या फेब्रुवारीत त्यांचं वजन एकशे बेचाळीस किलो होतं. घरचा वजनकाटा हात टेकायचा, म्हणून ते गोदामातल्या मालाच्या काट्यावर उभे राहून यायचे आणि दोन किलो कमी सांगायचे. शेवटी डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली. आता गृहस्थ शंभराच्या आत आले आहेत आणि बरे दिसतात. हे मी त्यांच्या तोंडावर कबूल करत नाही, कारण आधीच ते आरशासमोरून हलत नाहीत.

दवाखान्यातल्या आहाराच्या दीप्ती मॅडमनी त्यांना नियम घालून दिले. आधी वरण, पनीर, अंडी, म्हणजे प्रोटीन. मग भाजी. जागा उरलीच तर शेवटी पोळी-भाताचा घास, म्हणजे कार्ब. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही. मॅडमनी हे एकट्या सुशीलना सांगितलं होतं. सुशीलनी ते अख्ख्या मनीषनगरला सांगितलं. शेजारच्या ऋषिकेशच्या साखरपुड्यात तर पंगतीतून उठून नवरदेवाला म्हणाले, "जिलबी खाऊन राहिला? नुसतं कार्ब हाय बाबू ते." पोरगं बिचारं हातातला वेढा तसाच धरून बसलं.

त्यात माझा धंदा डब्यांचा. रोज तीस डबे, म्हणजे सव्वाशे पोळ्या. हे सकाळी तव्याशेजारी उभे राहून माझ्या पोळ्यांकडे असे बघायचे, जणू मी गावाला विष वाटते आहे.

"लतिका, निव्वळ कार्ब हायेत ह्या."

"हाव. अन् त्याच कार्बावर तुमची पोरगी भूमिका इंजिनिअरिंग करून राहिली. सरका तिकडं, पोळी जळते माही."

सासूबाई, वच्छलाबाई, ऑपरेशनसाठी भिवापूरहून आल्या त्या आमच्याकडेच राहिल्या. सत्तरी ओलांडलेली, दातांनी साथ सोडलेली, पण मन वढाय. पोराचं पोट कापलं म्हणजे नेमकं काय केलं, हे त्यांना आम्ही चार वेळा समजावलं. चारही वेळा त्यांनी मान हलवली आणि त्यांच्या मनातलंच धरून बसल्या. गावात कोणाचं ना कोणाचं पोट कापलं जातंच; जखम भरते, टाके निघतात आणि माणूस पुन्हा चार पोळ्या खातो. सुशीलच्या वाटीतलं चमचाभर वरण बघून म्हणायच्या, "एवढं तं वाढतानी खाली सांडते वं." आणि मग न जेवताच उठून गॅलरीत जाऊन बसायच्या.

आमच्याकडे त्यांची जुनी रीत आहे. सगळ्यांची पानं झाल्याशिवाय त्या बसत नाहीत. "मी मागून जेवते," म्हणतात. पूर्वी ठीक होतं, सुशील दहा मिनिटांत ताट साफ करायचे. आता तीस-तीस वेळा चावत त्यांची चाळीस मिनिटं जातात. तोवर मी डबे घासायला बसलेली असते, भूमिका कॉलेजात. सासूबाई मागून काय जेवतात, हे कोणी बघायला उरतच नव्हतं.

दिवाळीनंतर सुशीलचं वजन अडकलं. सव्वादोन महिने काटा जागचा हलेना. हे चिडून दीप्ती मॅडमकडे निघाले, तर सासूबाईही निघाल्या. पोराला उपाशी ठेवणाऱ्या बाईला त्यांना चार शब्द सुनावायचे होते, म्हणून मीही सोबत गेले. मॅडमनी दोघांना समोर बसवलं, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "आजींचं ऑपरेशन कधी झालं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. रोज बघतो ते माणूस दिसत नाही, तसं झालं होतं माझं. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लटकत होत्या, बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. मॅडमनी त्यांना काट्यावर उभं केलं. पन्नास किलो. सुशील भरती झाले त्या दिवशी भूमिकानं गंमत म्हणून आम्हा सगळ्यांना त्याच काट्यावर उभं केलं होतं, तेव्हा एकसष्ट भरल्या होत्या. पोरीच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो होता.

"अकरा किलो?" सुशील म्हणाले. "काय खाऊन राहिली तू, आई?"

यांना काळजी वाटली, पण आधी हेवा वाटला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं चांगलं निघालं. तेव्हा मी पाळत ठेवायची ठरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पानात दोन पोळ्या आणि मूठभर भात वाढला आणि डबे घासायचं सोंग केलं. सासूबाईंनी भाजी खाल्ली, वाटीभर वरण प्यायलं. मग पोळ्यांची घडी घालून पदराआड घेतली, भात वाटीत काढला आणि हळूहळू जिना उतरल्या. मी मागोमाग. गेटपाशी गाय उभीच होती. गाय कशी टुणटुणीत झाली होती!

"आई, हे काय जी?"

त्या दचकल्या. मग चोरी पकडल्यावर लहान पोरं हसतात तशा हसल्या. मला मात्र राग आला होता. मी बरंच बोलले. ते सगळं इथं लिहीत नाही. त्या गेटजवळच्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तू वरडू नको वं. मी मारोतीले बोलून बसली."

"काय बोलून बसल्या?"

"त्याले आत नेलं ना तवा. म्हटलं, माहं पोरगं सुखरूप बाहेर येऊ दे. वावरातल्या तुह्या देवळापुढं रोडगे करीन. अन् त्यातला एक अख्खा रोडगा त्यानं माह्यासमोर खाल्ला की मंगच मी गहू-तांदूळ तोंडात घालीन." थोडं थांबून म्हणाल्या, "मले का माईत, पोट परत मोठं होत नाही म्हून? मले वाटलं, पंधरा दिवसांची गोष्ट हाय."

अकरा महिने झाले होते. वजन कमी करायच्या ऑपरेशनवर नवस बोलायचा तो रोडग्याचा, हे आमच्याच घरात होऊ शकतं. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी स्वतःची भयंकर लाज वाटत होती. रोज तीस माणसांना जेवू घालते मी. कोणाला मीठ कमी लागतं, कोणाला कांदा चालत नाही, सगळं तोंडपाठ. आणि माझ्याच घरात एक म्हातारी अकरा महिने अर्धपोटी झोपत होती.

संध्याकाळी सगळं सुशीलना सांगितलं. ते कोचावर बसले ते बसलेच.

"अख्खा? आई, मले चतकोर पोळी जड जाते. रोडगा तं छातीतच अडकन."

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जाडसर दळलेल्या कणकेच्या छोट्या पुऱ्या तेल लावून एकावर एक रचायच्या, वरून पारी लावून मुठीएवढा गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. दोन रोडगे खाल्ले की धडधाकट माणूस झाडाखाली आडवा होतो. सुशील पूर्वी सात खायचे.

भूमिकानं तोड काढली. "आजी, सुपारीएवढा रोडगा करू. अख्खा तं अख्खा."

"देवाले बोलली तवा माह्या डोळ्यापुढं आपला नेहमीचा रोडगा होता," सासूबाई म्हणाल्या. "आता त्याले फसवू का?" त्यावर इंजिनिअरिंग मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं.

मी म्हटलं, आई, सोडून द्या नवस, मारोती समजून घेईल. तर म्हणाल्या, त्यानं माहं ऐकलं, आता मी मागं सरू? पोराला काही झालं तर? त्यांना ती भीती. अशा वयाचं शरीर आणखी किती महिने असं काढणार, ही भीती मला होती. दोघींच्या भीतीच्या मध्ये एक रोडगा होता.

सुशीलनी दीप्ती मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, वरण आधी, मग रोडग्याचे दोन घास, नीट चावून. छातीत घट्ट वाटलं की तिथंच थांबायचं. फोन ठेवून यांनी आईला सांगितलं, "मॅडम खा म्हणाल्या." मी डोळे वटारले. हे म्हणाले, "दिवसभर खात बसीन, पण संपवीन. आईनं माह्यासाठी सोडलं, मी एक गोळा खाऊ शकत नाही?"

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही भिवापूरला गेलो. धाकटे दीर मुकुंद शेती बघतात. त्यांनी सकाळीच देवळापुढं गोवऱ्या पेटवल्या होत्या. मारोती म्हणजे शेंदूर फासलेला दगड, वर चार पत्रे. सासूबाईंनी स्वतः पुऱ्या लाटल्या, स्वतः गोळे वळले. भिवापुरी मिरचीची वांग्याची भाजी झाली, तुरीचं वरण झालं. देवाला नैवेद्य दाखवला. मग निखाऱ्यातून एक रोडगा काढून, फडक्यानं राख झटकून, त्यांनी तो सुशीलच्या ताटात ठेवला आणि समोर मांडी घालून बसल्या.

सुशीलनी वरणाला हात लावला नाही. पोटात जागा राहावी म्हणून. सगळ्या जगाला आधी प्रोटीन शिकवणारा माणूस सरळ रोडग्याला भिडला. तूप ओतून पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तीस वेळा चावला की नाही देव जाणे, पण डोळे मिटलेलेच होते. तेव्हा मला कळलं. तव्याशेजारी उभं राहून पोळ्यांना नावं ठेवणारा हा माणूस रोज पोळीचा वास घ्यायला येत होता. मला फार वाईट वाटलं. मी किती वेळा सरका म्हटलं होतं.

पाव रोडगा नीट गेला. सासूबाईंचे ओठही घासागणिक हलत होते. तीनातला एक हिस्सा संपता संपता सुशील थांबले. एक उचकी आली. तरी मी नको म्हणायच्या आत त्यांनी आणखी एक घास तोंडात घातला. मग छातीवर हात दाबून उठले, तोंडाला फेसासारखी लाळ आली, आणि ते तुरीच्या ओळीमागं धावले.

मी उठेपर्यंत सासूबाई पोचल्या होत्या. एरवी जिना उतरायला दहा मिनिटं लावणारी बाई. सुशील ओणवे होऊन ओकत होते आणि त्या एका हातानं त्यांचं कपाळ धरून दुसऱ्यानं पाठ चोळत होत्या.

"असं होते तुले? अन् मले सांगत काहून नाही?"

"कधीमधी होते, आई." हे दम घेत म्हणाले. "थांब. थोड्या वेळानं परत खातो."

"खबरदार!" एवढ्या मोठ्यानं त्या ओरडल्या की मुकुंदभाऊ धावत आले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मले वाटे, डॉक्टरचं ऐकून तू मुद्दाम खात नाही. माह्या हातचं आता तुले लागतच नाही. म्हातारीनं आता कोणासाठी रांधावं, असं वाटे बापा मले."

"मले तं रोज लागते, आई," सुशील म्हणाले, आणि चाळिशी ओलांडलेला माणूस शेतात उभा राहून रडला.

सासूबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं, त्यांना बाभळीच्या सावलीत बसवलं आणि देवळापुढं परत आल्या. ताटात उरलेले दोन हिस्से तसेच होते, तूप गोठत चाललं होतं. त्या त्याच ताटावर बसल्या.

"हा लहान होता तवा दोन घास खाऊन पळे," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की मारोतीशी, सांगता येत नाही. "ताटात उरलेलं मी खाओ. अन् सासू विचारे, पोरगं जेवलं का वं? मी म्हणो, जेवलं. ताट साफ दिसे, तिले पटे. तवा कोणाले खोटं वाटलं नाही. आता ह्याचं पोट पुन्हा तेवढंच झालं."

त्यांनी उष्टा रोडगा कुस्करला, वरण ओतलं आणि खायला लागल्या. बिनदातांच्या तोंडानं, सावकाश, एकेक घास. शेवटचा कण बोटानं टिपून त्यांनी रिकामं ताट देवळाकडे वळवून धरलं. "पाह्य, मारोती. झाला अख्खा."

बाभळीखालून सुशील उठून आले. अजून चेहरा पांढरा होता, चालही डगमगत होती. निखाऱ्यातून त्यांनी दुसरा रोडगा काढला, राख झटकली आणि आईच्या ताटात ठेवून वर तूप ओतलं. साखरपुड्यात नवरदेवाला जिलबीवरून टोकणारा हाच माणूस.

"घे, आई. अजून एक घे."

आमच्याकडे आग्रह झाला की ताटावर हात आडवा धरून दोनदा नाही म्हणायचं असतं. त्यांनी हात आडवा धरला नाही.