वास्तू तथास्तु म्हणत नाही

मित्रांनो, डहाणूला चिकूच्या वाड्या सुरू होतात, तिथल्या एका दुमजली घरातला मी एक जुना सागवानी जिना आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच नाक मुरडू नका. अजून माझी एकही फळी कुरकुरत नाही. कुरकुरतं ते माझं मन, आणि त्याला कारण आहे नीलम, या घरची सून.

हे घर अण्णांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बांधलं आणि मला घडवलं उधव्याच्या नविनभाई सुतारांनी. अण्णांना दिवाणखाना मोठा हवा होता, म्हणून नविनभाईंनी मला चांगला उभा बसवला आणि माझ्या पायथ्यासमोर कोठीच्या खोलीला जागा काढली. “बघा अण्णा, जागा केवढी वाचली!” ते म्हणाले. वास्तुशांतीला आलेला जो तो माझ्या कठड्यावरून हात फिरवून “काय पॉलिश आहे!” म्हणायचा. सागवान म्हणे पाण्याने फुगतं. मी कौतुकाने फुगलो.

मग अण्णांच्या मुलाचं, यतीनचं लग्न झालं आणि नीलम आली. ती कैनाडच्या शाळेत शिकवायची. ती मला कधी चढली नाही, ती धावायची. पुढे श्रुतिका झाली, तेव्हा तिला कडेवर घेऊनसुद्धा धावायची. श्रुतिका शाळेत जाऊ लागल्यावर मात्र नीलम रोज सकाळी माझ्या पायथ्याशी उभी राही आणि वरून उतरणाऱ्या मुलीकडे टक लावून पाही. “सावकाश गं श्रुतू, जिना कुठे पळून चाललाय?” असं म्हणे आणि मुलीची रिबीन सारखी करी. त्या घरातली तेवढी वेळ मला सगळ्यात आवडायची.

एके वर्षी नीलमच्या उजव्या पायाचा अंगठा माझ्या पायऱ्यांच्या कडांना लागू लागला. आधी कधीमधी, मग रोज. घरात हे सगळ्यांच्या आधी मला कळलं, पण जिन्याला विचारतो कोण! मुंबईच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की हा नसांचा आजार आहे, एकेक स्नायू काम सोडत जाईल आणि याला औषध नाही.

यतीन हातपाय गाळून बसणारा नव्हता. त्याने नविनभाईंना बोलावलं आणि माझ्या भिंतीच्या बाजूलाही धरायला कठडा लावून घेतला. तो लागला आणि काही महिन्यांत नीलमच्या मुठीतलं बळ गेलं. मग चाकाची खुर्ची आली. दारापुढच्या ओट्यावर चढायला सिमेंटचा उतार केला, तो तिला स्वतःची खुर्ची स्वतः ढकलता येईल अशा बेताने. पण तो वाळून वापरात येईपर्यंत तिचे दंड लुळे पडले. माझ्यापुढे तर खुर्चीचं काही चालेचना. गंजाडची बारकी तिच्या मदतीला येत असे, ती तिला पाठीवर घेऊन चढायची. “बाय, माझे गळ्यात हात घाल,” ती म्हणायची. नीलमचे हात वर जायचे नाहीत. मग बारकीच ते हात आपल्या गळ्याभोवती घेऊन धरायची. तेव्हा मला वाटायचं, मी आडवा झालो असतो तर! पण उभ्या लाकडाला आडवं होता येत नाही.

एका संध्याकाळी दिवाणखान्यात सगळे जमले. यतीनने माझ्यावरून रुळावर सरकणारी विजेची खुर्ची बसवायचं ठरवलं होतं. नविनभाईंनी टेप काढली. तेव्हा नीलम म्हणाली, “नविनकाका, माझं आजचं माप नका घेऊ. श्रुतूचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो ना? तसं माझं उतरत्या अंगाचं घ्या. खुर्ची नको. समोरची ही कोठीची खोली मला आत्ताच करून द्या. मला बोलता येतंय तोवर. काय कुठे ठेवायचं, ते माझं मला सांगायचंय.”

अण्णांनी कानांवर हात ठेवले. “अगं, तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये बाळा! वास्तू तथास्तु म्हणत असते.”

यतीन तिच्याजवळ येऊन बसला. “तू वर आपल्या खोलीतच राहायचंस, नीलम. तुला कोठीत कसं टाकू?”

“तू टाकत नाहीयेस रे, मी मागतेय.”

पण दिवा लावायची वेळ झाली होती आणि विषय तिथेच बुडाला. नविनभाई म्हणाले, “बेन, देव सगळं सारू करेल,” आणि त्यांनी आजचंच माप घेतलं.

मित्रांनो, मी त्या वास्तूचाच भाग आहे. अगदी शपथेवर सांगतो, आम्ही भिंती, दारं, जिने कधीही कुणाला तथास्तु म्हटलेलं नाही. आम्ही नुसतं ऐकतो.

खुर्ची आली, पेढे वाटले गेले. श्रुतिका आईच्या मांडीवर बसून एकदा वर, एकदा खाली जाऊन आली. नीलम हसली, हे मी नाकारणार नाही. पण तेव्हाच तिची जीभ जड होऊ लागली होती. एका दुपारी वीज गेली आणि खुर्ची माझ्या मध्यावर अडकली. बारकी कुणाला तरी बोलवायला बाहेर धावली. एकटी नीलम समोरच्या कोठीच्या दाराकडे पाहत बसली आणि तुटक शब्दांत स्वतःशीच म्हणाली, “पलंग... जिन्याकडे तोंड करून. श्रुतू... उतरताना दिसेल.” तिचं डोकं माझ्या कठड्याला टेकलं होतं, म्हणून मला शब्द न् शब्द कळला. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

पुढे तिची मान धरेनाशी झाली. एकदा ती उतरताना खुर्चीतून घसरली, बारकीने सावरलं म्हणून बरं. त्यानंतर ती खुर्ची माझ्या पायथ्याशी चादर पांघरून उभी आहे, आणि कोठीची खोली एकदाची झाली. दार रुंद केलं, न्हाणीघर जोडलं, इस्पितळात असतो तसा पलंग आणला. यतीनने स्वतः भिंती रंगवल्या. प्रेमात कुणी कमी पडलं, असं मी म्हणूच शकत नाही. फक्त तोवर नीलमचं बोलणं बंद झालं होतं. पलंग खिडकीकडे तोंड करून लावला. “झाडं दिसतील, तिला बरं वाटेल,” यतीन म्हणाला. अण्णांनी विचारलं, “नीलम, इथे बरं वाटतंय ना?” आणि तिच्या पापण्या हलायच्या आत स्वतःच म्हणाले, “हवेशीर आहे खोली.”

आता रोज सकाळी श्रुतिका माझ्यावरून उतरते. पाऊल वाजलं, की नीलमची बुबुळं डोळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत ओढली जातात आणि तिथेच थांबतात. मान वळत नाही. “बायला वारा लागत असल,” असं म्हणून बारकी मायेने दार लोटते. श्रुतिका धावत आत शिरते, आईच्या गालाला गाल लावते आणि बससाठी पळते. नीलमला एक चेहरा दिसतो, क्षणभर. तिची मुलगी केवढी उंच झाली आहे, ती कशी ऐटीत उतरते, हे रोज मी पाहतो. ज्याला सांगता येत नाही, असा मी.

मित्रांनो, आजारी माणूस पुढचं बोलू लागलं, तर त्याला अभद्र म्हणून गप्प करू नका. त्याच्याजवळ बसा, ऐका. काही विचारलंत तर उत्तर येईपर्यंत थांबा, डोळ्यांनी दिलेलं उत्तर उशिरा येतं. आणि कधी डहाणूला आलात, श्रुतिका भेटली, तर माझा एवढा निरोप तिला द्या. तिला म्हणावं, तो पलंग फिरव. त्याला खाली चाकं आहेत, नुसता ढकलला तरी वळेल.